वळचणीतली बशी

कोंबडीची पिलं कार्ड टाकून मागवता येतात हे ऐकून औशाजवळच्या त्या गावातली निम्मी माणसं हसली. उरलेली निम्मी चांगुणाबाईला हसली, कारण मागवणारी तीच होती. मनीऑर्डर करून तिनं पुण्याकडच्या एका उबवणी केंद्राला शंभर पिलं सांगितली, आणि बुधवारच्या एस.टी.नं खोकं औशाला उतरेल असं उत्तर आलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, पण पाऊस जुन्या जिल्ह्यासारखाच पाठ फिरवून गेला होता. पिलं जगली तर चांगुणाबाईचं रोजगार हमीवर खडी फोडणं सुटणार होतं. मेली तर गावाला जन्मभर पुरेल एवढं हसू मिळणार होतं.

खडीवर तिच्या शेजारी पंचशीला बसायची. ती बौद्धवाड्यातली. नांदेडला भावाकडे असताना तिनं कोंबड्यांच्या शेडवर काम केलं होतं. म्हणून काम सुटलं की ती चांगुणाबाईच्या ओसरीवर यायची आणि काय काय करायचं ते सांगायची. चांगुणाबाई तिला चहा द्यायची. त्यासाठी एक कान तुटलेला कप आणि त्याची बशी ओसरीच्या वळचणीत खोचलेली असे. पंचशीलानं ती आपल्या हातानं काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुवायची आणि परत खोचायची. दुसऱ्या घरांत तेवढंही नव्हतं, म्हणून चांगुणाबाई स्वतःला मोठ्या मनाची समजे. गावात कुणी तसं म्हणालं की तिला बरंही वाटे.

मंगळवारी तिनं माजघर सारवलं. भुईमुगाची टरफलं पसरली, त्यांवर वर्तमानपत्रं अंथरली. वाशाला डालगं उलटं टांगून त्यात कंदील अडकवला, ऊब खाली राहावी म्हणून. तिच्या स्वतःच्या बाळंतपणातही कुणी एवढी निगुत केली नव्हती. नवरा व्यंकटी दारातून बघत म्हणाला, "आता घुगऱ्या तेवढ्या वाट." ती हसली नाही. कंदिलाची वात तिनं आणखी जरा वर केली.

पाण्याचं भांडं उथळ हवं, नाहीतर पिलं बुडून मरतात, असं पंचशीलानं बजावलं होतं. चांगुणाबाईकडे निळ्या फुलांच्या पाच कपबशा होत्या. सोयरे आले तरच त्या फडताळातून निघायच्या. त्यांतल्या बशा तिनं काढल्या, पुसल्या, आणि गुळाचं कोमट पाणी करून ठेवलं.

बुधवारी दिवस मावळताना व्यंकटी खोकं घेऊन आला. भोकांतून चिवचिव ऐकू येत होती. पिलं कागदावर सोडली, तर ती एकमेकांवर चढून डोळे मिटू लागली. पाण्याकडे एकही बघेना. पंचशीला खडीवरून तशीच आली होती. सवयीनं ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"ये की आत," चांगुणाबाई म्हणाली.

"आत?"

"ये म्हन्ते न्हवं. मरायलेत ती."

पंचशीला आत आली, गुडघ्यावर बसली. एकेक पिलू उचलायचं, चोच पाण्यात बुडवायची, सोडायचं. तिनं दाखवलं तसं चांगुणाबाईही करू लागली. एक पिलू प्यायलं की शेजारचं त्याचं बघून प्यायचं. बघता बघता पाचही बशांभोवती गर्दी झाली. पिलं बशांत पाय देऊन उभी राहिली, त्यांतच हगलीसुद्धा. चांगुणाबाईला त्याचं काही वाटलं नाही. बशा राखेनं घासता येतात.

"आनखी एक बशी पायजे," पंचशीला म्हणाली.

चांगुणाबाई धावतच ओसरीवर गेली आणि तिनं वळचणीत हात घातला.

"ती नका घिऊ, वहिनी," पंचशीला आतून म्हणाली. "ती माजी हाय. तिच्यात पिलं पाजली, मंग तुमी ती बशी घरात कशी ठिवताल?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. अडचण येईल म्हणून ती आपली आठवण करून देत होती. चांगुणाबाईचा हात वळचणीतच राहिला. कोंबडीची घाण झालेल्या बशा उद्या तिच्या फडताळात जाणार होत्या, आणि रोज धुतलेली ही बशी बाहेरच राहणार होती. शेवटी तिनं व्यंकटीची जेवायची ताटली आणून त्यात पाणी ओतलं. पंचशीलाकडे बघायचं तिनं टाळलं.

पिलं सावरली, डालग्याखाली पसरली. तेव्हा चांगुणाबाईनं चहा केला आणि घरातल्या कपात ओतून पंचशीलापुढे धरला.

पंचशीलानं कपाकडे बघितलं. "नगं, वहिनी. पिऊन आले," ती म्हणाली, आणि पदर झटकून गेली. तिच्या केसांत खडीची धूळ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईनं वळचणीतली कपबशी उकिरड्यावर नेऊन फोडली. पिलं बहुतेक सगळी जगली. खडी सुटली. पुढे ती कोंबड्यावाली चांगुणाबाई झाली, पार जळकोटाकडून बाया तिला विचारायला येऊ लागल्या. ती सगळं सांगायची. बशीपाशी आली की तिची जीभ अडखळायची. नवीन खोकं आलं की पंचशीला न बोलावता यायची, थेट माजघरात बसून पिलांना पाणी प्यायला शिकवायची. चांगुणाबाई दर वेळी चहा करायची, निळ्या फुलांची कपबशी पुढे करायची, आणि पंचशीला दर वेळी म्हणायची, "पिऊन आले." पंचशीलाच्या घरी त्या दिवसांत दूधही नव्हतं न् साखरही, हे चांगुणाबाईला पक्कं ठाऊक होतं. पण खोटं का बोलतेस, असं विचारायला तिला तोंड नव्हतं.