‘कुठं’ विचारायचं नाही

बहारीनला शुक्रवारची सकाळ म्हणजे सुट्टी. शेजारपाजारचे लोक मासळीबाजारात जायचे, कोणी समुद्रावर, कोणी दुपारपर्यंत नुसतेच लोळायचे. आमचे हे मात्र माझ्या डब्यातला रवा पुडीत बांधून पिस्तूल उडवायला जायचे.

रवा कशाला, हे मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. डबा भराभर तळाला जातोय एवढं दिसत होतं. मला वाटलं, हे नोकरीच्या ठिकाणी, तुबली भागातल्या वर्कशॉपात, शेगडी मांडून स्वतःच उपमा करून खातात आणि माझ्या हातचा आवडत नाही हे सांगायला घाबरतात. मी दोन दिवस अबोला धरला. तेव्हा कुठे खुलासा झाला, की रवा पोटात जात नाही, रिव्हॉल्वरात जातो. हे ऐकल्यावर अबोला आणखी एक दिवस वाढवला.

वर्कशॉपचा मॅनेजर इंग्रज होता आणि त्याला जुन्या घाटाच्या रिव्हॉल्वरांचं वेड होतं. नव्या कारखान्यात घडवलेली, पण बांधणी थेट दीडशे वर्षांपूर्वीची. त्यांना काडतूस चालत नाही. चक्राच्या प्रत्येक घरात आधी काळी दारू, वर जागा भरायला थोडा रवा, मग शिशाची गोल गोळी दांडीनं दाबून बसवायची, तोंडावर चरबीचं बोट फिरवायचं आणि मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. घोडा टोपीवर पडला की बार. पुरणपोळीला लागत नाही एवढा खटाटोप, आणि जेवणारे कोण, तर समोरचा कागद.

एकदा साहेबाच्या एका रिव्हॉल्वरचं चक्र अडकलं. फुटलेल्या टोपीचा तुकडा आत गेला होता. यांनी तो काढून दिला आणि तिथे स्वतःच अडकले. शहराबाहेर वाळवंटाच्या बाजूला परवान्याचा एक नेमबाजी क्लब होता, तिथे साहेबाबरोबर जाऊ लागले. नोकरी संपवून मायदेशी परतणारे गोरे आपली पिस्तुलं विकून जायचे. त्यातलं एक यांनी घेतलं, मग दुसरं, मग पितळी सांगाड्याचं तिसरं.

पहिलं घेतलं तेव्हा मी विचारलं, “म्हणजे हे जुनं नाही?”

“नाही. रेप्लिका आहे.”

“आणि धड नवंही नाही. विकणाऱ्यानं तुम्हाला चांगलीच टोपी घातली.”

“टोपी वेगळी मिळते,” हे गंभीरपणे म्हणाले. “डबीत.”

अशा माणसाशी भांडण करण्यात अर्थ नसतो.

संग्रह आमचा, पण कुलूप क्लबचं. कायद्यानं ते तिथेच ठेवायचं होतं आणि त्याबद्दल मी त्या कायद्याची आजन्म ऋणी आहे. घरात फक्त फोटो. आमच्या लग्नाच्या फोटोपुढे पितळी सांगाड्यावालीचा फोटो आला, तेव्हा मी तो उचलून फ्रिजमागे टाकला. तो परत आला. मी परत टाकला. शेवटी दोघी शेजारी शेजारी नांदू लागलो.

काळ्या दारूचा धूर कपड्यांत मुरतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. उडवून झालं की सगळं सुटं करून साबणाच्या गरम पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर गंज चढतो. ज्या माणसानं घरात चहाचा कप विसळला नाही, तो माझा भांड्याचा साबण घेऊन क्लबात तासभर पिस्तुलं घासत बसायचा. इतकं करून यांचा नेम मात्र यथातथाच. क्लबच्या फळ्यावर यांचं नाव खालून शोधलं की लवकर सापडायचं.

आणि त्याचा दोष यायचा माझ्यावर, कारण मी ‘कुठं’ विचारायची.

हे खूळ सासऱ्यांचं. आम्ही महाडकडचे. सासरे, म्हणजे आबा, पलटणीतून निवृत्त होऊन गावी शेती बघायचे. दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध पाजून पुढे जायचे. बावीसच्या बावीस प्रतिज्ञा पाठ. पण एक गोष्ट त्यांच्याच्यानं सुटली नाही. शिकारीला निघालेल्या माणसाला टोकायचं नाही. “कुठं चाललाव?” असं कोणी विचारलं, की आबा बंदूक भिंतीला टेकवायचे आणि त्या दिवशी घराबाहेर पडायचे नाहीत. मी एकदा म्हटलं होतं, “आबा, तेविसावी प्रतिज्ञा घ्या की, ‘कुठं’ला भिणार नाही म्हणून.” आबा हसले नाहीत.

यांनी आबांचं बाकी काही उचललं नाही, हे एवढं उचललं. म्हणून हे बूट घालून दारात उभे राहिले, की मी मुद्दाम गोड आवाजात विचारायची, “कुठं चाललात?” यांचा चेहरा पडायचा. परत आल्यावर नेम का चुकला याचा जाब मला द्यावा लागायचा. आमच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजी. ती ‘व्हेअर’ विचारायची. इंग्रजीतलं टोकणं बाधतं की नाही, याचा निवाडा घरात कधीच झाला नाही.

मग सासूबाई गेल्या आणि त्यानंतर आबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. यांनी लगेच ठरवलं, क्लबच्या स्पर्धेला आबांना न्यायचं. त्या आठवड्यात हे नीट जेवले नाहीत. मला चेष्टा करावीशी वाटेना, कारण फणसाची गोष्ट मला माहीत होती.

आबांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. हे कॉलेजात असताना आबांनी एका पहाटे पहिल्यांदा ती यांच्या हातात दिली. रानडुक्कर भाताच्या खाचरात उभं होतं. यांनी बार काढला, डुक्कर पळालं आणि गोळी बांधावरच्या फणसात शिरली. त्या दिवशी निघताना कोणीही ‘कुठं’ विचारलेलं नव्हतं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. आबा चारचौघांत म्हणाले, “ह्याचा हात बंदुकीचा न्हाय.” वाडीनं यांचं नाव ‘फणसमार’ ठेवलं. लग्नात मला उखाणा घ्यायला लावणाऱ्या बायकासुद्धा तेच नाव घेऊन हसत होत्या. हे बहारीनला येऊन एवढे शिकले, कमावते झाले, पण आबांच्या तोंडून त्या हातासाठी चांगला शब्द कधी निघाला नाही. त्या तीन पिस्तुलांचा सगळा पसारा त्या एका शब्दासाठी होता, असं मला आता वाटतं.

आबांना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी विचारलं, “नकली हायती?”

“रेप्लिका, आबा.”

“म्हंजी नकलीच की.”

शुक्रवारी मी रव्याची पुडी स्वतः बांधून दिली आणि तोंडातून शब्द काढला नाही. मुलीलाही दटावून ठेवलं. आबा पांढरा सदरा घालून गाडीत पुढे बसले, आम्ही दोघी मागे. गाडी सुरू झाली आणि आबा खणखणीत आवाजात म्हणाले,

“काय रं, कुठं चाललाव आपन?”

यांनी गाडी बंदच केली. आरशात मला यांचा चेहरा दिसला. मी कपाळाला हात लावला. मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, “आजोबा सेड इट! आजोबा सेड इट!”

“आबा, अहो तुम्हीच!” हे कसेबसे म्हणाले.

“आरं तिच्या, जीभ घसरली. म्हातारा झालो. चल, यल्ला,” आबा म्हणाले. हा अरबी शब्द ते आल्या आल्याच शिकले होते.

क्लबात हे उभे राहिले. एरवी ओठ घट्ट आवळून उभे राहायचे, त्या दिवशी चेहऱ्यावर ‘आता काय व्हायचं ते होवो’ असा भाव होता. बार निघाले, धुराचे ढग उठले, आबांनी नाक वर करून तो वास छातीभर घेतला. नेम? फळ्यावर नाव नेहमीच्याच शेजाऱ्यांत होतं, फार तर एक घर वर. पण हे हसत आले. इतक्या वर्षांत क्लबातून हसत येताना मी यांना पाहिलं नव्हतं.

“आबा, टोकलंत की हो तुम्ही मला!”

“व्हय रं बाबा,” आबा म्हणाले. “माजीच चूक.”

परतताना दोघं सगळी वाट त्या एका शब्दावरून भांडत आणि खिदळत होते. घरी आल्यावर हे न्हाणीत गेले आणि मी आबांना चहा दिला. मला राहवेना. दिवसभर पेंगत असला तरी ‘कुठं’ म्हटल्यावर खाडकन डोळे उघडणारा हा माणूस. त्याची जीभ घसरते?

“आबा,” मी म्हटलं, “खरंच विसरलात?”

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि न्हाणीच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं.

“डुकराच्या वक्ताला कुनी तरी इचाराय पायजे व्हतं, पोरी,” ते म्हणाले. “कुनी इचारलंच न्हाय.”

आतून यांच्या शीळ घालण्याचा आवाज येत होता. मला एकदम रडू आलं आणि मी कपबशा उचलून मोरीकडे गेले.

पुढच्या शुक्रवारी हे बूट घालून दारात उभे राहिले. मी पदराला हात पुसत मुद्दाम बाहेर आले आणि आबांच्या समोर, मोठ्यानं विचारलं, “कुठं चाललात हो?”