साखरपुडा झालेली अक्का

आज सकाळी तीन बायका माझ्या अक्काच्या डोक्यावरची ओढणी काढायला निघाल्या होत्या.

अक्का शवपेटीत होती. काल गेली.

रडून झालंय. आता नुसता राग आहे, म्हणून लिहितेय. ज्यांना लागेल त्यांना लागू दे.

अक्का म्हणजे माझी आत्या, एस्तेर. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. तरुणपणी बेळगावकडून शिलाई मशीन घेऊन बंगळुरात येलहंकाला आली आणि इथलीच झाली. लग्न केलं नाही.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत नवरी पांढरी साडी नेसते आणि डोक्यावर पांढरी नेटची ओढणी घेते. तीसेक वर्षं इथल्या प्रत्येक नवरीची ओढणी अक्काने शिवली. काठाला लेस, बारीक मोती, सगळं हाताने.

पण ती नवरीच्या डोक्यावर लावायची मात्र सवाष्णीने.

हो, चर्चमध्ये! हळदीकुंकू सोडून आम्हाला पिढ्या झाल्या, हे तेवढं बरोबर जपून ठेवलंय.

अक्का ओढणी घेऊन नवरीच्या खोलीच्या दारापर्यंत यायची, कुणाच्या तरी हातात द्यायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायची.

माझ्या लग्नातसुद्धा. मला तिच्याच हातून हवी होती. आई म्हणाली, "आजच्या दिवशी वाद नको." आणि मी गप्प बसले. ते मला अजून टोचतं.

पुढे माझा डिव्होर्स झाला आणि मीही त्या दाराबाहेर आले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. लग्नाच्या कामांचे मेसेज यायचे बंद झाले, एवढंच.

तेव्हा एकदा मशीनपाशी बसून मी अक्काला विचारलं, "तुला राग नाही येत? जन्मभर यांच्या ओढण्या शिवतेस, आणि हे तुला बिनलग्नाची म्हणून बाहेर ठेवतात."

तिने मशीन थांबवलं. "बिनलग्नाची कोण म्हणालंय? माझा साखरपुडा झालाय की ग. नवरा मुलगा यायचा हाय, एवढंच."

ती गंमत करत नव्हती.

मंडळी ही प्रभू येशूची नवरी आहे, असं पाळकसाहेब किती रविवार सांगतात. आम्ही माना डोलावतो आणि घरी जाऊन बिर्याणी खातो.

अक्काने ते खरं धरलं.

रोज सकाळी प्रार्थनेला बसायच्या आधी धुतलेली साडी नेसायची, नीट वेणी घालायची. मग शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना आंघोळ घालायला जायची. त्या आजी कन्नड, ना आमच्या जातीच्या, ना आमच्या चर्चच्या.

"कशाला करतेस एवढं?"

"त्याला आवडतंय," म्हणायची. सत्तरीची बाई, आणि चक्क लाजायची.

गेल्या महिन्यात तिने एक ओढणी स्वतःसाठी शिवली. माझ्या हातात दिली.

"माझ्या वेळेला तूच लाव. दुसरं कोण नको."

"लावते," म्हटलं.

आज सकाळी दार लावून मी तिला पांढरी साडी नेसवली, ओढणी लावली, दोन्ही बाजूंना पिना लावल्या. फार सुंदर दिसत होती.

दार उघडलं आणि सुमनकाकू आत आल्या. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मागे आणखी दोघी.

"अग, हे काय करालीस? सत्तरीच्या बाईला नवरी करतात काय? लोक हसतील. आणि लावली कुणी? तू?"

त्या 'तू'चा अर्थ मला कळला.

पाळकसाहेबांना बोलावलं गेलं. ते दारातूनच म्हणाले, "उगाच चर्चा नको. ओढणी घडी करून उशाशी ठेवू या. भावना पोचल्या."

भावना पोचल्या म्हणे. कुरियर होतं का ते?

मी पेटीसमोर आडवी उभी राहिले.

"पाळकसाहेब, आपण सगळेच प्रभूची नवरी ना? तुम्ही, सुमनकाकू, आपले मिशीवाले सेक्रेटरीसुद्धा?"

"हो, पण ते आध्यात्मिक अर्थाने..."

"मग अक्काचं काय चुकलं? तुमचं बोलणं मनावर घेतलं, हेच ना?"

सुमनकाकूंचा हात तेवढ्यात पिनेपर्यंत पोचला होता.

"हात लावून तर बघा," मी ओरडले. माझा असा आवाज मीच कधी ऐकला नव्हता.

ओढणी राहिली.

सर्जापूर रोडची मंडळी हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून उपासना अर्धा तास उशिरा सुरू झाली. मग एकेकजण पेटीजवळून गेला. ज्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये पानोपानी अक्काचं काम आहे, त्या बायका तिच्या पायांकडे बघून पुढे सरकल्या. डोक्याकडे एकीनेही बघितलं नाही. लाज वाटली पाहिजे.

आमच्या लग्नविधीत पाळक विचारतात, या वधूला कोण देत आहे? वडील नाहीतर मामा पुढे होऊन म्हणतो, मी देतो.

दफनाच्या वेळी असं कुणी विचारत नाही. घरच्यांनी पहिली मूठ माती टाकायची, बस.

मी माती हातात घेतली. आणि शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"हिला मी देते."

कमेंटमध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू नका. नवरीला निघताना जे म्हणतात ना, ते लिहा.

सुखाने नांद, अक्का.