रांगेतल्या घागरींचे फोटो

सकाळी रांगेत पुढं ठेवलेली घागर संध्याकाळी शेवटी कशी जाते, सांगाल मला?

दुष्काळातला तो उन्हाळा मला या प्रश्नासकट आठवतो. परंडा तालुक्यातल्या आमच्या गावात पाण्याचा टँकर दिवस कलता सोसायटीच्या गोदामासमोर यायचा. दिवसभर सगळे खडी फोडायच्या सरकारी कामावर, म्हणून माणसांऐवजी घागरीच रांगेत उभ्या असायच्या. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया पहाटे घागरी मांडून जायच्या आणि परत येऊन बघावं तर त्या पार शेपटाला. आमची पाळी येईस्तोवर टँकर कोरडा. घरात माझी बहीण बाळंतीण होती. बाळाची दुपटी धुवायलाही पाणी उरत नव्हतं.

"वाऱ्यानं सरकल्या आसतील," सोसायटीचे चेअरमन हसून म्हणायचे.

वडील चळवळीतले; त्यांच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवत मी मोठी झाले. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे घरातच शिकलेलं. पण या वेळी मला पुरावा हवा होता. कधीतरी सरकारी गाडीनं चावडीच्या भिंतीवर सिनेमा दाखवला होता. त्यात मातीतून कोंब वर आला, हातपाय ताणावेत तशी त्यानं पानं पसरली, आणि हे सगळं बघता बघता. एकाच जागेवरून थांबून थांबून चित्रं घ्यायची आणि भराभर दाखवायची, एवढीच त्यातली करामत. मग घागरी का चालताना दिसू नयेत?

परंड्यात फोटोचं दुकान असलेले चाचा वडिलांचे दोस्त. शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ते आले आणि आम्ही दोघं शाळेच्या माळवदावर चढलो. समोर गोदाम, खाली रांग. उन्हाच्या झळांत घागरी जमिनीपासून जराशा वर तरंगत होत्या. बघता बघता मला वाटलं, आत्ता त्या उठतील, एकमेकींचा हात धरतील आणि पाण्याच्या शोधात निघून जातील.

"बेटी, झोपलीस का?" चाचांनी चुन्यानं कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायांच्या खुणा केल्या. "हितनं हलायचं न्हाय. घागर वळखायची कशी?"

"गळ्याला लाल चिंधी बांधते."

"लाल काळीच येती फोटोत. पांढरी बांध. आन् कॅमेऱ्यावर वलं फडकं लागंल, उन्हानं रोल जायचा."

"पाणी असतं तर फोटो कशाला काढले असते, चाचा?"

चाचा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

सगळं ठरलं. फक्त सुट्टीत शाळेची किल्ली चेअरमनकडं असायची. ती मागताना मी एवढंच म्हटलं, फोटो काढायचेत.

ठरल्या दिवशी सकाळी माळवदावरून खाली बघितलं तर रांगेत माणसंच माणसं. गावाचा फोटो निघणार, अशी चेअरमननी दवंडी पिटवली होती. अर्धं गाव कामावर गेलंच नव्हतं. ठेवणीतली लुगडी, कडक टोप्या, तेल लावलेली पोरं, आणि प्रत्येक जण आपापल्या घागरीशेजारी ताठ उभा. चेअरमन मधोमध. आमच्या पांढऱ्या चिंधीपाशी आई उभी होती.

चाचा दिवसभर थांबून थांबून फोटो घेत राहिले. एकही घागर हलली नाही. टँकर आला आणि आम्हाला पाणी मिळालं.

"बघा वो, कुठं सरकली तुमची घागर?" चेअरमननी विचारलं.

"आज म्या हितं उभी हाय, मालक," आई म्हणाली. "म्हणून न्हाय सरकली."

त्या संध्याकाळी बहिणीनं बाळाला मनसोक्त न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी आई खडीवर गेली आणि घागर पुन्हा शेपटाला.

फोटो माझ्याकडं आहेत. अंगठ्याखालून भराभर सोडले की घागरी, माणसं जागच्या जागी राहतात आणि सावल्या तेवढ्या रांगेवरून हळूहळू सरकत जातात, जणू कुणी त्यांच्यावरून हात फिरवतंय. पुरावा म्हणून ते कुचकामी. घागरी हलतच नाहीत म्हणून चेअरमन तर ते आमच्याच विरोधात दाखवायचे.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या गावात टँकर येत असेल तर आज रांगेकडं जा. जिचा धनी कामावर गेलाय अशी एक घागर शोधा, आणि ती भरेपर्यंत सगळ्यांना दिसेल असे तिच्याजवळ उभे राहा.