ऑफिसच्या पोटातली वाट

आयुष्यात मी एकच इमारत स्वतःच्या हातांनी फोडली, आणि तिचा नकाशा माझाच होता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका पतपेढीच्या ऑफिसचं काम माझ्याकडे आलं. जागा बघितली तर मधोमध वाट. खालच्या वाडीची माणसं तिथूनच बाजाराला जायची आणि शिमग्याला होळीचं झाड खांद्यावर घेऊन देवळाकडे निघायची तीही तिथूनच. मी वाट मोडली नाही. इमारतीच्या पोटातून सरळ, रुंद बोळ काढला, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे कट्टे. मासळीवाल्या पाट्या उतरवून तिथे टेकू लागल्या, पतपेढीत खाती उघडू लागल्या. चेअरमन खूश. मग कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं आणि मला न विचारता बोळाच्या तोंडाला लोखंडी दरवाजा बसला. मासळीचा वास येतो म्हणे! रत्नागिरीत राहून?

मी जाऊन कडाकडा भांडले. निदान शिमग्याला उघडा म्हटलं. खांद्यावरची होळी वाटेत खाली टेकवायची नाही, मागे फिरवायची नाही, ही वाडीची रीत त्यांनाही ठाऊक होती. तरी त्यांनी वॉचमनला बजावलं, दरवाजा उघडलास तर नोकरी गेली. वॉचमन त्याच वाडीतला. त्याचा थोरला भाऊ दरवर्षी होळीच्या पुढच्या टोकाला असायचा.

होळी आली तेव्हा मी तिथेच होते. ओलं, जड झाड, वाटेच्या दोन्ही अंगांना दगडी गडगे, वळायला जागा नाही. दरवाजाला कुलूप. आधी विनवण्या झाल्या, मग शिव्या. मागच्यांना पुढचं काही दिसेना, ते रेटतच राहिले. भाऊ ओरडला, "बाजूला हो, माज्याच्यानं थांबवत नाय!"

वॉचमन हलला नाही. कुलूप मुठीत धरून उभा राहिला. खोडाचं तोंड त्या मुठीवर बसलं. हाडं मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग दगड सुटले, काचा फुटल्या, आतले कारकून टेबलांखाली शिरले. दरवाजा अर्धा उखडून लोंबला आणि रक्त लागलेली होळी तशीच पार गेली.

त्याचा उजवा हात कायमचा गेला. दरवाजा सांभाळता आला नाही म्हणून चेअरमननी त्याला कामावरून काढलं, आणि मला सांगितलं, आता चांगल्या जाडजूड दरवाजाचा नकाशा काढून द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका गवंड्याचा घण आणला आणि भर बाजाराच्या वेळी त्या दरवाजाच्या चौकटीवर घालायला लागले. चेअरमन वरून पोलिसांची धमकी देत होते. बोलवा म्हटलं. चिऱ्याच्या कपच्या तोंडावर उडत होत्या, तळहात सोलले, चौकट काही सुटेना. मासळीवाल्या नुसत्या बघत उभ्या. तेवढ्यात गर्दीतून तो भाऊ पुढे आला. शिमग्यापासून तो वाडीत कुणाशी बोलला नव्हता. त्याने माझ्या हातातला घण काढून घेतला.

"द्या इकडं, ताई," तो म्हणाला. "माजे दोन्ही हात धड हायत."