बटणचे नऊ प्राण

काटेवाले माझ्या डोक्यात जायचे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना मी उगाच साळसूद दिसेन.

वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. दुकानांतले, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळेतले काटे त्यांच्याकडे यायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत अरुंद दुकान, आत काचेच्या पेटीत एक नाजूक काटा, ज्यावर पापणीचा केससुद्धा भरतो. शेजारी मखमलीच्या खाचांत पितळी वजनं. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायचं. बोटाचा घाम लागला की वजन खोटं होतं म्हणे. केसाएवढा फरक असलेल्या काट्यावर ते कधी शिक्का मारायचे नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, मोठ्या बहिणीबरोबर दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायचे. बोलणंही तसंच, प्रत्येक शब्द आधी पारड्यात टाकून मग बाहेर.

मी ग्रंथालयात पुस्तकं बांधते. रविवारी ग्रंथालय बंद असतं, पण बांधणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. खळीचा वास, दाबयंत्र, कापडाचे गुंडाळे आणि मधोमध मोठं टेबल. त्या टेबलाभोवती दुपारी तीन ते सहा आमचा खेळ चालतो. मी सूत्रधार. समोर काय आहे ते मी सांगायचं, म्हणजे जंगल, पडका बुरूज, राक्षस जे काय असेल ते. बाकीचे त्या जगातली माणसं होतात. नर्सबाई तलवार चालवतात. बसचा ड्रायव्हर मांत्रिक आहे, आणि त्याचा आवाज असा की आम्ही त्याला हॉर्नच म्हणतो. काटेवाले शिकारी. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, जमलं की नाही ते वीस पैलूंचा फासा ठरवतो.

प्रत्येकाचा एक कागद असतो. त्याच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात आपले प्राण लिहायचे, पेन्सिलनं. वार बसला की कमी होतात, विश्रांती घेतली की भरतात, शून्य झाले की मेलात. माझे नियम दोनच. फासे सगळ्यांसमोर उघड्यावर टाकायचे. आणि चौकोनात असेल तेच खरं. समासात लिहिलेलं, हातावर लिहिलेलं, मनात धरलेलं मी मानत नाही. या दोन नियमांचा मला फार अभिमान होता.

काटेवाल्यांची बहीण, आमच्या सगळ्यांची ताई, पहिल्यांदा आली ती नुसती सोबत म्हणून. त्यांचं बटणं-दोऱ्याचं दुकान होतं, भावाच्या दुकानाला लागूनच. मी विचारलं, तुम्ही कोण होणार? तर म्हणाल्या, "मला माणूस नको बाई. दिवसभर माणसंच असतात समोर. जनावर द्या एखादं."

मग शिकाऱ्याचं जनावर म्हणून त्यांना एक पाणमांजर दिलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं बटण. नऊ प्राण, म्हणजे काहीच नाही, हॉर्नच्या मांत्रिकालासुद्धा बावीस होते. पण ताईंना त्याचं काय! जिथं शिरायला नको तिथं बटण पहिलं शिरायचं. राक्षसाच्या पायांमधून पळायचं, तटावरून खंदकात उडी टाकायचं. आणि संकटातून बाहेर आलं की ताई बारीक आवाज काढून दरवेळी एकच विचारायच्या, "मासा आहे का?" हॉर्न हसून हसून टेबल बडवायचा. तीन वर्षांत ते पाणमांजर कितीदा मरता मरता वाचलं याचा हिशेब नाही. ताई खोडायच्या, लिहायच्या, परत खोडायच्या. चौकोनातला कागद विरून गेला होता.

एका रविवारी बटण दोनावर आलं होतं. मग सगळ्यांनी गुहेत विश्रांती घेतली आणि ताईंनी दोन खोडून नऊ लिहिला, हलक्या हातानं, शेपूट जरा लांब ओढून. "चला, झालं ठणठणीत," म्हणाल्या. त्यानंतरच्या मंगळवारी दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या त्या गेल्या. गिऱ्हाईक समोर बटण निवडत होतं, त्यालाही आधी कळलं नाही.

पुढच्या रविवारी बरोबर तीनला काटेवाले हजर. हातात दोन कागद, स्वतःचा आणि बटणचा, दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात. नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. काटेवाले खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "गुहेतून बाहेर पडत होतो ना आपण?"

डोळ्यांत टिपूस नाही, आवाजात फरक नाही. मला रागच आला. माणूस आहे की काटा, असं मनात आलं, आणि ते मी घरी जाऊन बोलूनही दाखवलं.

त्या दिवसापासून बटण पिशवीत गेलं. शिकाऱ्याच्या पाठीवर एक चामडी पिशवी होती, तिच्यात. लढाई सुरू झाली की काटेवाले म्हणायचे, "मी मागे. पिशवी बंद." गावात शिरलो, "पिशवी बंद." नदी लागली, जिथं पाणमांजरानं खरं तर धावत जायचं, तिथंही बंद. तळहाताच्या फोडासारखं जपायचे. हॉर्न वैतागून म्हणायचा, "अहो, घरीच ठेवून या ना मग त्याला!" त्यावर नुसतं "नको."

आता सांगते ते मला तेव्हा माहीत नव्हतं. काटेवाल्यांना बटण मरायची तेवढी भीती नव्हती. चौकोनातला नऊ ही ताईंनी लिहिलेली शेवटची गोष्ट होती. बटणला साधं खरचटलं तरी तो खोडावा लागला असता. म्हणून वर्षभर त्यांनी त्याला ओरखडा येऊ दिला नाही. एका शब्दानं सांगितलं असतं तर? पण शब्द पारड्यात टाकून बोलणारा माणूस तो, हा शब्द त्यांना उचलवलाच नसेल.

मी मात्र ठरवलं की हे पिशवीचं खूळ मोडायचं. हो, मुद्दाम. मला वाटलं, जनावर बाहेर आलं तर माणूसही जरा बाहेर येईल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझ्या खेळात एक माणूस ढिम्म बसून राहतो, हे मला खुपत होतं.

मी एक विहीर रचली. तळाशी किल्ली, किल्लीशिवाय दार उघडत नाही, दाराशिवाय पुढे वाट नाही. विहिरीचं तोंड एवढं अरुंद की माणूस उतरणार नाही. आत मोठा आंधळा मासा. पाणमांजराशिवाय गत्यंतर नाही, अशी चोख व्यवस्था.

काटेवाल्यांनी दीड तास घालवला. दोरीला गळ बांधून पाहिला. बादली सोडली. लोहचुंबक असतं का विचारलं. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. शेवटी हॉर्न ओरडला, "अहो, पाण्यातलं जनावर आहे ते! पाण्यात जाऊ द्या की!" नर्सबाई हळूच म्हणाल्या, "ताईंनी केव्हाच सोडलं असतं त्याला."

काटेवाले पाकिटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे."

बटण विहिरीत उतरलं. किल्ली मिळाली. वर येताना माशानं गाठलं. मी फासा टाकला, उघड्यावर, नियमाप्रमाणे. अठरा. वार बसला. किती लागलं ते बघायला दुसरा फासा टाकला. पाच.

"पाच प्राण गेले," मी म्हटलं. "चार उरले. लिहा."

त्यांनी कागद पाकिटातून काढला, कडांना धरून. पेन्सिल हातात घेतली. आणि बसून राहिले.

"लिहा ना."

हॉर्ननं घड्याळ बघितलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. मी हात लांब करून कागद ओढला, रबर घेतलं, चौकोन खसाखसा खोडला आणि ठसठशीत चार लिहिला. आयुष्यभर जुने कागद हाताळणारी बाई मी, विरलेला कागद कसा धरायचा ते नव्या माणसांना शिकवते.

कागद परत त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो पाहिला.

"ताईचा होता तो नऊ," ते म्हणाले. आम्हाला वेळ सांगावी तसं. मग म्हणाले, "चाल कोणाची?"

चाल कोणाचीच झाली नाही. नर्सबाई पदरानं डोळे पुसत होत्या. सगळे गेल्यावर मी टेबलावर वाकून रबराचा चुरा गोळा केला, खालच्या फरशीवरचासुद्धा, आणि पुस्तकांच्या डागडुजीला वापरतो त्या पातळ कागदात त्याची पुडी बांधली. त्याचं काय करणार होते, माहीत नाही. तसाच टाकून जाववेना, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. शेजारचं बटणांचं दुकान बंद होतं, दारावर धूळ. काटेवाले एका पारड्याची साखळी सरळ करत होते. मी पुडी समोर ठेवली. त्यांनी ती चिमट्यानं उलगडली, भिंगातून पाहिली.

"यात रबरच जास्त आहे," म्हणाले.

मग मागच्या कप्प्यातून बटणचा कागद काढला आणि काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. पेटीचं दार लावलं. आम्ही दोघं आकडा थांबायची वाट बघत उभे राहिलो.

"एक मिलिग्रॅम कमी," ते म्हणाले. "ताई गेली तेव्हा सगळ्याचं वजन केलं होतं. चष्मा, कंगवा, हा कागद. का केलं ते विचारू नका."

मी विचारलं नाही. त्यांनी कागद बाहेर काढला, दिवा आडवा धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. तिरप्या उजेडात चौकोनात एक बारीक खोलगट रेघ दिसत होती. नऊची शेपटी. शिसं गेलं होतं, पेन्सिलचा दाब राहिला होता. आणि तिच्या बरोबर मधून माझा चार गेला होता.

"तुम्ही दाबून लिहिता," ते म्हणाले.

मला खूप लाज वाटली. अजून वाटते. मी म्हटलं, "रागवा तरी माझ्यावर."

"येत नाही ना राग." त्यांनी दिवा बंद केला. "रडूही येत नाही. ताई गेली तेव्हापासून शून्यावरच आहे सगळं. कोणी काही ठेवलं वर तरी हलत नाही. असा काटा आला की मी गिऱ्हाईकाला सांगतो, बिघडलाय, वापरू नका."

पुढच्या रविवारी मंडळींनी विश्रांती घेतली. नियमाप्रमाणे सगळ्यांचे प्राण भरले. मी म्हटलं, "बटणचे पुन्हा नऊ."

"चारच राहू दे," काटेवाले म्हणाले. "परत खोडलं तर कागद फाटेल. मग ती रेघही जाईल."

"मग बाजूला लिहा. समासात लिहा. मी मानते."

"चौकोनात असेल तेच खरं," ते म्हणाले. टोमणा नव्हता. नियम होता, आणि ते नियम पाळणारे.

मला वाटलं, आता पिशवीला कुलूप लागणार. तर त्यांनी पिशवी उघडली. "ताईनं नसतं ठेवलं असं कोंडून. मी ठेवलं वर्षभर, तरी नऊ गेलाच." आणि बटण पुढे चालू लागलं, चार प्राण घेऊन, सगळ्यांच्या आधी.

याला आता दोन वर्षं होतील. बटण बिळांत शिरतं, पुलांवरून उड्या टाकतं, राक्षसांच्या टाचा चावतं. काटेवाले हे सगळं त्याच कोरड्या आवाजात सांगतात, आणि जीव टांगणीला लागतो तो माझा. त्या दिवसापासून मी फासे खोक्याच्या झाकणाआड टाकते. उजेड डोळ्यांवर येतो, असं कारण सांगितलं. पहिल्यांदा हॉर्ननं तोंड उघडलं, तेव्हा नर्सबाईंनी टेबलाखालून त्याला जोरात लाथ घातली. एवढी जोरात की मलाही कळली.

गेल्या रविवारी बटण एका ड्रॅगनच्या नाकासमोर जाऊन उभं राहिलं. मी झाकणाआड फासा टाकला. एकोणीस पडला. एवढ्या आकड्याला वार बसतोच, आणि ड्रॅगनच्या वारात कोणीही संपतं.

"चुकला वार," मी म्हटलं.

काटेवाल्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. केसाएवढा फरक असला तर शिक्का न मारणारा माणूस.

"चुकला?"

"चुकला."

त्यांनी बोटानं बटणच्या कागदाची कड सरळ केली. मग त्याच कोरड्या, तोललेल्या आवाजात, आजवर कधीच न विचारलेलं विचारलं.

"मासा आहे का?"

हॉर्न हसला नाही. नर्सबाईंनी खाली पाहिलं.

"आहे," मी म्हटलं आणि झाकणाआडचा फासा मुठीत घेतला.