मलिद्याच्या दिवशी आलेला पाहुणा

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी, पनवेलमधल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत, माझा थोरला भाऊ एझ्रा याचा श्वास जवळजवळ थांबला होता. बाहेरच्या खोलीत तेव्हा वीसेक माणसं प्रार्थना म्हणत होती. हे सर्वांत आधी कळलं ते एका पाहुण्याला... आणि तो पाहुणा कोण होता, हे आम्हाला आजही माहीत नाही.

मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. चमत्काराची बातमी आली की ती कापणं हे माझं काम, आणि ते मी आनंदाने करत आले. त्यामुळे इथे फक्त पाहिलेलं आणि नंतर पडताळलेलं लिहिते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. दादा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. जिन्यावरून पडला, कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरत्या ट्रॅमाडॉलच्या, म्हणजे सवय लागू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. जुनी चिठ्ठी दाखवून तो त्या वेगवेगळ्या मेडिकलमधून आणायचा. कामावर जायचा, पण घरात बोलणं बंद, क्रिकेटसुद्धा बघेना. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तू बातम्या तपास. माझी कंबर नको तपासूस."

कंबर बरी व्हावी म्हणून आईने नवस केला होता. तो फेडायला त्या रविवारी मलिदा ठेवला – आमचा संदेष्टा एलियाहू हनबी याच्या नावाने गोड पोह्यांचं, नारळाचं, फळांचं ताट आणि प्रार्थना. एलियाहू अनोळखी माणसाच्या रूपात मदतीला येतो, असं आमची जुनी माणसं सांगतात. दादा सकाळपासून हसून सगळ्यांचं स्वागत करत होता. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी "पाच मिनिटं पडतो" म्हणून आत गेला.

फ्लॅटचं बाहेरचं दार उघडंच होतं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला एक माणूस आला. चपला काढल्या, चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आतमध्ये प्रार्थना लिहून ठेवलेल्या छोट्या नळीला, हात लावून बोटं ओठांना टेकवली आणि कडेच्या खुर्चीत बसला.

"हा आपल्या शिमशोनचा मुलगा," रिबकामावशी कुजबुजली. "इस्राएलला, अश्दोदला असतो."

"काहीतरीच! त्याला चांगले दाट केस होते," आई म्हणाली.

"तिकडचं पाणी गं. सगळ्यांचेच जातात."

नाव कोणीच विचारलं नाही. आमच्याकडे हे नेहमीचं. निम्मे नातेवाईक इस्राएलला, सुट्टीत कोणीतरी अवचित येतं आणि "ओळखलं नाहीस?" म्हणून रुसतं. म्हणून अनोळखी चेहरा दिसला की आम्ही हसतो, सरबत देतो आणि दुसरं कोणीतरी त्याचं नाव घेईल याची वाट बघतो. मीही सरबत दिलं.

प्रार्थना अर्ध्यावर आली असताना तो उठून माझ्याजवळ आला.

"बाय, एझूला उठव. झोपला नाय तो."

"गोळी घेऊन पडलाय," आईने हळूच सांगितलं. "बसा तुम्ही."

"दोन जातीच्या गोळ्या हायत. माळ्यावर, पंख्याच्या खोक्यात. डॉक्टरला दोनी दाखवा."

आवाज चढवला नव्हता. आतल्या खोलीचं दार बंद होतं, आणि हा माणूस बाहेरच्या खोलीतून एकदाही हलला नव्हता... मी आत पळाले. दादाचे ओठ निळे पडले होते. हलवलं, हाका मारल्या – उठेना. शेजाऱ्यांनी गाडी काढली. तेवढ्यात मावशी स्टुलावर चढली. माळ्यावर टेबलफॅनचं रिकामं खोकं होतं. त्यात ट्रॅमाडॉलच्या स्ट्रिप्स होत्या आणि झोपेच्या गोळ्यांच्याही. झोपेच्या गोळ्यांबद्दल घरात कोणालाच माहिती नव्हती.

हॉस्पिटलमध्ये उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही एकत्र घेतल्यात हे लगेच कळलं ते बरं झालं. यात श्वासच थांबतो. आणखी उशीर झाला असता तर..."

आम्ही घरी परतलो तेव्हा पाहुणा नव्हता. त्याला जाताना कोणी पाहिलं नव्हतं. शिमशोनच्या मुलाला फोन लावला. तो अश्दोदला, घरीच होता. केस अजून दाट आहेत.

दादा शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "ते खोकं कोणाला माहीत होतं?"

"कोणाला सांगायला लपवलं होतं का?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आईचा नवस फिटत होता. दिवसभर बरं दिसायचं होतं ना मला... म्हणून जास्त घेतल्या."

सध्या त्याच्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत, गोळ्यांच्या सवयीवर आणि नैराश्यावरही. मधे एकदा त्याने पुन्हा गोळ्या आणल्या, पण त्याच संध्याकाळी स्वतः आईच्या हातात दिल्या. आता तो कामावर जातो.

मावशीने मलिद्याच्या ताटाचे फोटो काढले होते. एका फोटोत मागे तो माणूस बसलेला दिसतो. हातात सरबताचा ग्लास, चेहरा स्पष्ट. दादाने फोटो पाहिला. त्याने ओळखलं नाही. मग मी तो फोटो पनवेल, अलिबाग, ठाणे, अश्दोद, दिमोना अशा समाजाच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. शेवटचं उत्तर इस्राएलमधल्या बीरशेबाहून, एका वयस्क बाईंचं आलं: "चेहरा आपल्यातलाच आहे. पण हा आमच्याकडचा कोणी नाही."