पिशवी सोडा, लताबाई!

लग्नात लताबाई वाढायला निघाल्या की पंगतीत कुजबुज सुरू होते. "उनी व माय, उनी!" आणि जो तो दोन्ही हात ताटावर आडवे धरतो. उपयोग काही होत नाही. लताबाईंनी आजवर बोटांच्या फटीतून वरण वाढलं आहे, मनगटावर तूप वाढलं आहे, आणि एका बँकेच्या साहेबांनी ताट उचलून पाठीमागे लपवलं तेव्हा मागून जाऊन त्यात दोन बट्ट्या ठेवल्या आहेत. चोपड्याच्या आसपास पाच-सहा गावांत त्यांच्या हातून "बस झालं" म्हणून सुटलेला माणूस सापडणार नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना त्या मोठं काही मागत नाहीत. आपल्या दारातून कोणी अर्ध्या पोटी जाऊ नये, एवढंच.

आणि अशा बाईचा मुलगा भर शर्यतीत उपाशी पडला! हे लताबाईंच्या फार जिव्हारी लागलं होतं.

मुलगा म्हणजे जितेंद्र. वय सत्तावीस. चोपड्यात ठिबक सिंचनाच्या दुकानात काम करतो आणि पहाटे अंधारात सायकल घेऊन सातपुड्याच्या दिशेला निघून जातो. वडील लीलाधरभाऊ म्हणायचे, "लोके पाय दुखू नहीत म्हनीसन गाडी लेतस, आनि हाऊ पाय दुखाडाकरता सायकल ली उना." पण पोरगा होता तयारीचा. मागच्या वर्षी राज्य अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो पुरुष एलिट गटात, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात दमदार गड्यांच्या गटात, बराच वेळ पुढे होता. तेवढ्यात पाण्याची बाटली हातातून निसटली, खायचं मिळालं नाही, आणि शेवट अगदी जवळ आला असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. लोकांनी त्याला शोधलं तेव्हा तो रस्त्याकडेच्या शेतात बसून हरभऱ्याचे घाटे सोलून खात होता.

यंदा ती शर्यत आपल्याच भागात होती. धुळ्याहून निघायचं, अमळनेर करून तापी ओलांडायची, चोपड्याला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्याने परत धुळे. पहिले सहा जण राज्याच्या संघात जाणार होते. जितेंद्रने घरात सांगून टाकलं होतं, "यंदा नाही जमलं तर सायकल विकतो. मग मी आणि दुकान."

 

परतीच्या वाटेवर तापीचा पूल ओलांडला की रस्ता चढतो. तिथे खाणं-पाणी द्यायची जागा ठरली होती. सायकल थांबत नाही. स्वार हात पुढे करतो, देणाऱ्याने पिशवी अधांतरी धरायची, तो ती ओढून नेतो. हे काम दरवेळी जितेंद्रचा मित्र योगराज करायचा. तो शर्यतीच्या आठवड्यातच केळीच्या गाडीवरून घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता पिशवी कोण देणार? लीलाधरभाऊंना लांबचं दिसत नाही, त्यांनी भलत्यालाच मुलगा समजून हाक मारली असती. मुलगी भूमिका तयार होती, पण गर्दीत सगळे सारखेच टोपीवाले, तिला भाऊ ओळखू येईना.

"मी ओळखसू," लताबाई म्हणाल्या. "त्याना डावा खांदा जरासा वाकडा शे. पाळण्यामा व्हता तधयपाशी."

योगराजने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. "काकू, तुमी द्यायचं काम चांगलंच करता हो. पण इथं सोडायचं काम शे."

सराव केळीच्या मळ्यातल्या वाटेवर सुरू झाला. जितेंद्रला विसावा हवा होता, म्हणून त्याच्या जागी लीलाधरभाऊ मोटरसायकलवर. लताबाई वाटेच्या कडेला पिशवी धरून उभ्या. भाऊ आले, हात पुढे केला, पट्टा पकडला. लताबाईंनीही पकडून ठेवला.

"नीट धरी का हो तुम्ही?" त्या बरोबर धावत विचारत होत्या. "पडई नहीं ना?"

"सोड! अवं, सोडी दे!"

"पहिले सांगा, नीट धरी का?"

मोटरसायकल केळीच्या ओळीत घुसली. भाऊ एका खांबाला मिठी मारून उभे राहिले, ठिबकची नळी तुटली आणि दोघांवर पाण्याचं कारंजं उडालं. शेजारची ताईबाई बांधावर बसून हे पाहत होती. ती पदर तोंडात घालून म्हणाली, "लताबाई, या वयात दोघं जोडीनं आंघोळ करता का वं?"

दुसऱ्या खेपेला लताबाईंनी सोडली. पण भाऊ दहा हात पुढे गेले नाहीत तोच मागून ओरडत पळत सुटल्या, "अहो, आजून एक ली ज्या! एकमा काय व्हस?" भाऊंनी सवयीने ब्रेक दाबला. तीस वर्षांचा संसार, बायकोने "अजून एक" म्हटलं की माणूस थांबणारच.

योगराज बांधावर डोकं धरून बसला. भूमिका मात्र विचार करत होती. ती म्हणाली, "आई, तू शनिवारी मारुतीच्या देवळात प्रसाद देतेस ना? तेव्हा कोणाला आग्रह करतेस?"

"प्रसादले कसाना आग्रह? हात पुढे उना, दी दिधा. त्यानं त्यानं नशीब."

"मग हे तसंच दे."

 लताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मनात मारुतीचं नाव घेतलं आणि हात पुढे धरला. लीलाधरभाऊ आले. झाडावरून पिकलं पान सुटावं तशी पिशवी सुटली. भाऊंनाच विश्वास बसेना. ते वळून वळून बघायला लागले आणि पुन्हा केळीत गेले. पण त्यात लताबाईंचा दोष नव्हता.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून चढावर जत्रा. कोणी झाडावर, कोणी ट्रॅक्टरवर. ताईबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायला आपल्या मळ्यातली केळी घेऊन आली होती. योगराजने पिशवी भरून दिली होती, त्यात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली, दोन केळी आणि गूळ-दाण्याच्या वड्या. बाटलीवर भूमिकाने मोठ्या अक्षरात 'जितू' लिहिलं होतं. योगराजची पाठ वळल्यावर लताबाईंनी त्यात तुपात भाजलेल्या दशम्या सारल्या. हलकी पिशवी देताना त्यांना मेलं कसंतरीच वाटत होतं.

पुलाच्या बाजूने भोंगा वाजला. पंचांची मोटरसायकल आली, आणि मागून भुंग्यांचा थवा यावा तसा आवाज. दहा-बारा जण सुटून पुढे आले होते. चढ लागला तसे सगळे उभे राहून पायडल मारायला लागले. लताबाईंनी डोळे बारीक केले. वाकडा खांदा कुठे आहे? आहे, आहे! सातवा की आठवा!

"उना! मना जितू उना!" त्यांनी मारुतीचं नाव घेतलं आणि हात पुढे धरला.

सगळ्यात पुढे लाल बनियनचा एक पोरगा होता, कोल्हापूरकडचा. त्याचा माणूस कुठे चुकला होता देव जाणे. ओठ पांढरे पडलेले, डोळे आत गेलेले. त्याने लताबाईंकडे बघून हात पसरला आणि घशातून कसाबसा आवाज काढला, "ताई, पाणी!"

हात पुढे आला. लताबाईंनी दिली.

काय सुंदर सुटली ती पिशवी! झटका नाही, ओढ नाही. योगराजने आनंदाने डावा हात प्लास्टरवर आपटला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पिशवी लाल बनियनबरोबर निघाली आहे.

"काकू! तो जितू नव्हता!"

"माले माहीत शे ना."

"मग दिली कशाला?"

"अरे, त्याने हात पसरला!"

एवढ्यात जितेंद्र आलाच. हात पुढे, नजर आईच्या हाताकडे, आणि आईच्या हातात काहीच नाही. "आई, पिशवी?"

"दी टाकी रे!"

जितेंद्रच्या चेहऱ्यावर जे आलं ते लताबाईंना बघवलं नाही. तो पुढे गेला. त्याची रिकामी पाठ चढावर डुलत डुलत लांब चालली, आणि लताबाईंच्या डोळ्यांपुढे हरभऱ्याचं शेत उभं राहिलं.

मग काय झालं ते लोक अजून सांगतात. लताबाईंनी साडी खोचली, ताईबाईच्या हातातली केळ्यांची अख्खी फणी ओढून घेतली आणि पळत सुटल्या. चढ खडा होता म्हणून जमलं. सायकली रांगत होत्या आणि लताबाई उडत होत्या. एक चप्पल ट्रॅक्टरखाली गेली, त्यांना पत्ता नाही. दोन स्वारांना त्यांनी मागे टाकलं. त्यातला एक पुढे सांगत होता, की आयुष्यात पहिल्यांदाच साडीने ओव्हरटेक केलं.

जितेंद्रच्या बनियनला मागे तीन खिसे होते. लताबाईंनी पळता पळता फणीतलं केळ तोडलं आणि पहिल्या खिशात कोंबलं.

"ले. आजून एक ले."

"आई, बस!"

"बस काय? एकमा काय व्हस?"

"आई, मी पडेन!"

"पडत नहीं. हाई शेवटलं." ते शेवटचं नव्हतं. त्यानंतर दोन गेली, आणि एक तर पोराच्या दातांतच दिलं, म्हणून पुढचं त्याला बोलता आलं नाही.

पंच मोटरसायकलवरून शिट्टी फुंकत आले. "ओ बाई! स्वाराला ढकलायला बंदी आहे! ढकलू नका!"

"ढकलत नाही हो भाऊ," लताबाई धापा टाकत म्हणाल्या, "वाढतेय!"

जागेची सीमा दाखवणारा झेंडा आला आणि पंचांनी त्यांना आडवं येऊन थांबवलं. समज दिली. लताबाईंनी ती हात जोडून ऐकून घेतली. डोळे मात्र चढाच्या टोकाकडे होते. तोंडात केळ धरलेला वाकडा खांदा टोकावरून पलीकडे उतरला.

मग सगळे पिकअपमध्ये बसून शर्यतीच्या मागे धुळ्याकडे निघाले. गाडीतून लताबाई मान काढून पुढचा रस्ता बघत होत्या. केळी दिली, पण पाणी? उन्हात पाण्यावाचून पोरगं धुळ्यापर्यंत जाणार कसं? पिशवी दिल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्या लाल बनियनवाल्याचं तोंड पाहिल्यावर कोणीही दिली असती. पण ती एकच होती, आणि ती जितूची होती.

"त्याना काय चुकनं?" त्या म्हणाल्या. "माय तर मी त्यानी शे."

लीलाधरभाऊंनी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

धुळ्यात पोचेपर्यंत पहिले गडी येऊन गेले होते. मंडप, लाऊडस्पीकर, माणसांचा समुद्र. एका पायात चप्पल असलेल्या लताबाई गर्दीतून वाट काढत पळाल्या आणि त्यांना कडेला जमिनीवर पडलेला जितेंद्र दिसला. शेजारी तो लाल बनियनचा पोरगा बसला होता. त्याच्या हातात अर्धी दशमी होती.

"जितू! पाणी मिळालं का रे?"

जितेंद्र पडल्या पडल्या हसायला लागला. "याने पुढे गेल्यावर पिशवी उघडली. बाटलीवर नाव वाचलं आणि मागे वळून ओरडला, जितू कोण आहे रे? मी हात वर केला. याने अर्धी बाटली पिऊन अर्धी मला दिली."

"आणि दशम्या?"

"त्या नाही दिल्या!"

लाल बनियन लाजला. "ताई, दिल्या असत्या. पण एक खाल्ली, मग दुसरीला हात गेला."

"मग आता कितवा आलास?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

जितेंद्रचं हसू थांबलं. "हा तिसरा. त्याच्या मागे आम्ही पाच जण एकदम आलो, बाबा. चाकाला चाक. चौथा असेन नाहीतर आठवा. फोटो बघताहेत."

सहावा की सातवा. सगळं तिथेच अडलं होतं. लताबाईंनी डोळे मिटून पांझरेकाठच्या एकवीरामातेला तिथूनच हात जोडले. काही मागितलं नाही. 

लाऊडस्पीकर खरखरला. पहिला, दुसरा, मग तिसऱ्यावर लाल बनियनने उडी मारली. चौथा पुण्याचा. पाचवा नाशिकचा. "आणि सहाव्या क्रमांकावर..." निवेदक थांबला. "आत्ताच आपल्यामध्ये आजचे प्रमुख पाहुणे पधारलेले आहेत. त्यांचं आपण शाल, श्रीफळ देऊन स्वागत करू या."

"मेल्या, नाव घे ना!" लताबाई ओरडल्या. मंडपातली निम्मी माणसं वळून बघायला लागली. शाल निघाली. शालीची घडी मोडेना. नारळ कोणी तरी गाडीत विसरलं होतं, ते आणायला माणूस गेला. पाहुण्यांनी दोन शब्द बोलायची तयारी दाखवली. भूमिकाने आईचा दंड घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर बाई मंचावर चढल्याच असत्या.

"हां, तर सहाव्या क्रमांकावर," निवेदक म्हणाला, "अर्ध्या चाकाने, आपल्या चोपड्याचे... जितेंद्र लीलाधर महाजन!"

भूमिका किंचाळली. योगराज प्लास्टरसकट नाचायला लागला. लीलाधरभाऊ मात्र लाऊडस्पीकरकडे तोंड वासून बघत उभे होते. "भूमे, मनं नाव बी लिधं का वं त्याने?"

"हो बाबा."

"धुळ्यामा? बठ्ठा लोकेससमोर?"

"हो बाबा!"

"पुन्हा सांग."

जितेंद्रने आईला उचलायला म्हणून दोन्ही हात घातले. पण त्या पायांत आता जीव कुठला? दोघं मायलेक रस्त्यातच फतकल मारून बसले. त्याच्या खिशातलं उरलेलं केळ दोघांच्या मध्ये चेपून गेलं. लताबाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. "ऊठ ना रे," त्या म्हणत होत्या, आणि तो म्हणत होता, "तू ऊठ आधी." मागचे स्वार एकेक करून येत होते आणि त्या दोघांना वळसा घालून पुढे जात होते.